व्हिटेकर विरुद्ध डुरान, १३५ पौंड: तुमचा कौल कोणाला?

वेंगुर्ला_बंदर (धागाकर्ता)

अंगाला हात लावू न देणारा बॉक्सर आणि अंगावर येऊन फोडून काढणारा बॉक्सर, दोघं समोरासमोर आले तर जिंकणार कोण? आमच्या हॉलवर पोरांचं यावरून रोज वाजतं. पावसामुळे बाहेर धावणं बंद, त्यामुळे सध्या तोंडाचाच व्यायाम जास्त. पण नुसतं "बचाव की हल्ला" असं म्हणून भांडलं की वाद कुठेच पोचत नाही. म्हणून दोन माणसं आणि एक वजन ठरवून टाकतो.

एका कोपऱ्यात पर्नेल व्हिटेकर, १९९० चा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, डावखुरा, लाइटवेटचे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ या तीन जागतिक संघटनांचे तिन्ही पट्टे कमरेला. दुसऱ्या कोपऱ्यात पनामाचा रॉबर्टो डुरान, जानेवारी १९७८ चा. म्हणजे एस्तेबान डेहेसुसला तिसऱ्या भेटीत बाराव्या राउंडला आडवा करणारा डुरान. वजन १३५ पौंड, म्हणजे लाइटवेटची मर्यादा, आपल्या हिशेबात एकसष्ट किलोच्या जरासं वर.

माझा कौल व्हिटेकरला. आणि लगेच सांगतो, "तो पळत राहील" असं कोणी लिहिणार असेल तर आधी त्याची एखादी पूर्ण लढत बघा. व्हिटेकर पळत नाही. समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात उभा राहतो, गुडघ्यात वाकतो, कधीकधी डोकं समोरच्याच्या पट्ट्यापर्यंत खाली नेतो. ठोसा वरून जातो आणि हा बाजूने वर येऊन उजव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, देतो. ठोसा लागला की मारणाऱ्याला जोर चढतो, हवेत गेला की खांदा, कंबर, पाय सगळं भरून येतं. ज्याने बॅगवर तीन मिनिटं काढली आहेत आणि मग हलत्या माणसावर तीन मिनिटं काढली आहेत, त्याला हे सांगायला नको.

अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे आठवा. ११७ विजय, त्यात नॉकआउट फक्त १४. डिसेंबर १९६८ मध्ये टोकियोला पॉल फुजीसमोर उभा राहिला. फुजी जोरदार मारणारा, घरचं मैदान. नऊ राउंड हवेत हात मारून झाल्यावर फुजी दहाव्याला स्टुलावरून उठलाच नाही. त्याचं अंग जितकं थकलं होतं, तितकंच डोकंही.

आता बोला.

हर्णैकर

होड्या काठावर, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, वेळच वेळ आहे. मी बॉक्सिंग खेळलेलो नाही, कबड्डी खेळलोय, त्यामुळे तसंच बघतो. चढाईला आलेला कितीही चपळ असला तरी त्याला पकडायला सातही जणांनी त्याच्या मागे धावायचं नसतं. कोपरारक्षक जागा धरून बसतो, मधले त्याला हळूहळू कोपऱ्याकडे ढकलतात. डुरानने ठोसा मारायच्या मागे न लागता रिंग लहान करत नेली तर व्हिटेकर जाणार कुठे?

वेंगुर्ला_बंदर

हर्णैकर, रिंग लहान करणं हा मुद्दा बरोबर. पण कबड्डीत चढाईला ३० सेकंदांचं बंधन आहे. मोकळ्या हाताने परत गेला तर चढाई वाया, म्हणून त्याला कुठेतरी जोखीम घ्यावीच लागते. इथे व्हिटेकरला तशी घाई नाही. तीन मिनिटांत दहा-पंधरा स्वच्छ जॅब दिले आणि काही खाल्लं नाही तर राउंड त्याचा. घाई डुरानला.

मोरी_मसाला

मियां पयल्यांदा येक सांगतंय. डुरान म्हटल्यार सगळ्यांका नुसतो रांगडो गडी दिसता. माका नाय दिसणा. तेका नीट मारूक किती जणांका जमलां ता बघा. १९८९ च्या फेब्रुवारीत इरान बार्कलीवांगडा खेळलो तेव्हा वय ३७, वजन १६० पौंड, समोरचो केदो मोठो! तरी पण डोक्यां हलवन हलवन तेचे हुक (बाजून येणारे ठोसे) चुकयलें, अकराव्याक तेका पाडल्यान आणि पट्टो घेतल्यान. ह्या काय नुसत्या मारामारीन होता? धाग्याची मांडणीच वांयच चुकली हा, भाऊ.

सुरंगी

मोरी_मसालाशी शंभर टक्के सहमत. याच फेब्रुवारी १९८९ मध्ये व्हिटेकरने ग्रेग हॉगनला हरवून पहिला जागतिक पट्टा घेतला. म्हणजे एकाच महिन्यात एक १३५ चा विजेता, दुसरा १६० चा. मध्ये २५ पौंड आणि एक अख्खी पिढी. म्हणून तर ही लढत कागदावरच राहिली.

मी स्वतः डावखुरी. विद्यापीठ स्पर्धांपर्यंत खेळले, आता रत्नागिरीत मुलींना शिकवते. त्यामुळे या लढतीत माझं लक्ष हातांपेक्षा पायांकडे जाईल. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडकतात. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडतो, त्याचा मागचा हात सरळ मधून जातो. व्हिटेकर यात उस्ताद होता. पाय बाहेर टाकायचा, जॅबने डोळ्यांसमोर पडदा धरायचा, मग डावा हात पोटात.

पण डुरानची गंमत अशी, की त्याला ही पायांची लढाई जिंकायची गरजच वाटायची नाही. तो ठोशाच्या हुलीवर आत शिरायचा. खांदा हलवायचा, समोरचा दचकला की एक पाऊल चोरायचा, आणि एकदा छातीला छाती लागली की त्याचं राज्य. डाव्या कोपराने समोरच्याचा हात वर उचलायचा आणि उघड्या पडलेल्या बरगडीत उजवा हात घालायचा. डोकं हनुवटीखाली. त्याच्यामागे रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन ही दोन जुनी खोडं प्रशिक्षक म्हणून होती, विश्रांतीत त्याचे केस विंचरत बसलेली. ही माणसं नुसत्या गुंडाला घडवत बसत नाहीत.

बाकी "ब्रॉलर", म्हणजे नुसता मारामारी करणारा, हा शिक्का अनेकदा चेहरा बघून मारला जातो. दाढी, रागीट डोळे, गरिबीतून वर आलेला, झालं. त्याचे पाय कोणी बघत नाही.

गुहागरचा_पोर

तुम्ही सगळे एवढे जुने बॉक्सर का घेता? फ्लॉइड मेवेदर घ्या ना. त्याला कोणीच काही करू शकलं नाही, ५०-०, म्हणजे पन्नास विजय, हार एकही नाही. विषय संपला.

तिरफळ

संपला नाही रे. ३ मे २०१४ ची मार्कोस मैदानाबरोबरची पहिली लढत बघ. मैदानाने दोरखंडाला चेपून, वरून, बाजूने, मानेमागून, जिथून हात जाईल तिथून मारलं. कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत २२१ ठोसे लागले, त्या मोजणीत मेवेदरला इतके कोणाचेच लागले नव्हते. एका जजने ११४-११४, म्हणजे बरोबरी, दिलं. जिंकला मेवेदर, पण घाम फुटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परत खेळले तेव्हा दोरखंडाला टेकायचंच नाही असं ठरवून आला आणि आरामात जिंकला.

यातून मला दोन्ही बाजूंना दारूगोळा दिसतो. पहिल्या भेटीत दांडगा माणूस कोड्यात टाकतो. दुसऱ्या भेटीत हुशार माणूस उत्तर घेऊन येतो. धागाकर्त्याने एकच रात्र ठरवली आहे, म्हणजे पहिलीच भेट. हे डुरानच्या पथ्यावर.

गुहागरचा_पोर

बघितली. दुसरा आणि तिसरा राउंड बघताना रेंज गेली, पण कळलं काका.

जुना_पापी

तिरफळ, पहिल्या भेटीचं म्हणत असाल तर १९४८ चं विली पेप आणि सँडी सॅडलर घ्या. पेपसारखा चुकवणारा फेदरवेटमध्ये (१२६ पौंड) झाला नाही असं जुने लोक म्हणायचे. सॅडलरने २९ ऑक्टोबरला चौथ्याच राउंडला त्याला संपवला. फेब्रुवारी १९४९ मध्ये पेपने १५ राउंड खेळून पट्टा परत आणला, तुमचा सिद्धांत खरा ठरला. पण मग १९५० आणि १९५१ मध्ये परत सॅडलरच. चारपैकी तीन. १९५१ ची लढत म्हणजे बॉक्सिंग कमी आणि एस्टीत जागा पकडणं जास्त: अंगठे डोळ्यांत, पायात पाय, रेफरीसकट तिघं खाली. पेपने नवव्यानंतर सोडून दिलं.

तरीही माझा कौल व्हिटेकरला, आणि त्याचं कारण डुरानच्याच खात्यात आहे. त्याला चार प्रकारचे लोक भेटले. जे भिडले ते संपले. मारून मागे सरकणारा डेहेसुस त्याला १९७२ मध्ये हरवून गेला, पहिल्याच राउंडला खाली पाडून. नाचणारा एडविन विरुएट त्याच्यासमोर १९७५ आणि १९७७ मध्ये दोनदा शेवटपर्यंत टिकला. डुरानने लाइटवेटचा पट्टा बारा वेळा राखला, त्यातले अकरा जण नॉकआउट, आणि शेवटपर्यंत उभा राहिलेला एकटा कोण, तर हाच विरुएट! चौथा प्रकार शुगर रे लेनर्ड. जून १९८० मध्ये मॉन्ट्रियलला लेनर्ड पायात खुंटी मारल्यासारखा उभा राहून लढला आणि हरला. नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला रिंगभर फिरत राहिला, वाकुल्या दाखवल्या, तर आठव्या राउंडला डुरानने पाठ फिरवली.

आणि बेनितेझ? विल्फ्रेड बेनितेझ, सतराव्या वर्षी जगज्जेता झालेला, डोळे मिटूनही ठोसा कुठून येतो ते ज्याला कळायचं असं म्हणत. जानेवारी १९८२ मध्ये लास वेगासला त्याने डुरानला १५ राउंड स्वच्छ हरवलं. व्हिटेकर हा त्याच जातीचा, वर डावखुरा.

मोरी_मसाला

पापीकाका, बेनितेझ १५४ पौंडार! लेनर्ड १४७ चो! धागो १३५ चो आसा. डुरानाक वजन वाढवन वाढवन खेळयलो आणि मगे म्हणतत बघा हरलो. १३५ वर येकच हार, ती पण पट्टो पणाक नसताना, आणि डेहेसुसाक मागीर दोन दा झोपयलो. विरुएट टिकलो, पण जिकूक नाय.

जुना_पापी

वजनाचं मान्य. सवयीचं नाही. फिरणाऱ्या माणसासमोर त्याची चिडचिड व्हायची, ती वजनाच्या काट्यावर उतरत नाही.

सुरंगी

चिडचिडीच्या मुद्द्यावर थोडं. व्हिटेकर चिडवण्यातही पुढे होता. १९८७ मध्ये रॉजर मेवेदरशी (फ्लॉइडचा काका) खेळताना वाकून बाजूने मागे गेला आणि त्याची चड्डी खाली ओढली! पंचाईत रेफरीची. तेव्हा कोण घाण खेळेल यावर एकतर्फी बोलू नका. व्हिटेकरचे पोटातले ठोसेही बऱ्याचदा पट्ट्याच्या खाली घसरायचे. डुरानचं तर काय, १९७२ मध्ये केन बुकॅननला तेराव्याची घंटा झाल्यावर कुठे लागलं यावर स्कॉटलंडमध्ये अजून भांडतात. मात्र त्या रात्रीचं एक विसरलं जातं. बुकॅनन हा उत्तम जॅबवाला, शैलीदार विजेता. आणि २१ वर्षांचा डुरान तोवर गुणांवर त्याच्या बराच पुढे होता. म्हणजे जॅबवाल्याला तेरा राउंड दाबून ठेवता येतं हे त्याने १३५ वर दाखवलेलं आहे.

बोंबील_सुका

विषयांतर करतोय, माफी. पावसाळ्यात ग्लोव्ह्जना बुरशी धरते त्याचं काय करता? मुलाचा जोड आणला आणि दोन आठवड्यांत आतून हिरवा.

सुरंगी

प्रत्येक सरावानंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, मग पंख्याखाली तोंड उघडं करून टांगा. बॅगेत बंद करून ठेवू नका. उन्हाची तिरीप आली तरी कडक उन्हात नको, चामडं तडकतं. आणि हाताला पट्ट्या बांधल्याशिवाय हात घालू देऊ नका, अर्धा घाम पट्टीच पिते. ती रोज धुवा.

हर्णैकर

आमच्या वाडीतल्या पोरांनी पोत्यात किनाऱ्याची वाळू भरून बॅग केली आहे. दगड झालाय. मनगटं दुखतात म्हणतात.

वेंगुर्ला_बंदर

हर्णैकर, ती आजच उतरवा. वाळू तळाला बसून खालचा भाग सिमेंटसारखा होतो. चिंध्या आणि फाटक्या जाळ्याचे तुकडे भरा, तुमच्याकडे त्याची कमी नाही. वाळू घालायचीच तर थोडी, पिशवीत बांधून मधोमध.

आता मूळ विषय. पापीकाकांनी माझं काम सोपं केलं, पण मी स्वतः चावेझचं उदाहरण देणार होतो ते कोणीच काढलं नाही. १० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियोचं अलामोडोम, सगळं स्टेडियम मेक्सिकोच्या बाजूचं. हुलियो सेझार चावेझ ८७ लढतीत अपराजित. पुढे चालत येणारा, बरगड्या मोडणारा, संयमाने रिंग लहान करणारा. हर्णैकर म्हणतात तेच करणारा. व्हिटेकरने त्याला जवळ येऊ दिलं आणि जवळच्या लढाईतच मात दिली. चावेझच्या खांद्याला खांदा लावून पोटात मारत होता. दोन जजनी ११५-११५ दिलं, एकाने ११५-११३ व्हिटेकर. बरोबरी! मी तो निकाल आजही मानत नाही. पण लढत बघून कोणी म्हणू नये की दबाव टाकणाऱ्यासमोर व्हिटेकर कोलमडतो.

तिरफळ

आलात ना शेवटी जजवर. भाऊ, तुमच्याच उदाहरणातून तुमची अडचण दिसते. व्हिटेकरचे ४० विजय, नॉकआउट १७. डुरानचे १०३ विजय, नॉकआउट ७०. एकाला शेवटी तीन माणसांच्या मतावर अवलंबून राहावं लागतं. ती तीन माणसं काय बघतात? नियमात चार गोष्टी: स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, बचाव. बचाव शेवटी. आणि बचाव कानाला ऐकू येत नाही. हुकलेल्या ठोशाला आवाज नसतो, कोपरावर बसलेल्या ठोशालाही प्रेक्षक ओरडतात. मार्च १९८८ मध्ये फ्रान्समध्ये होसे लुईस रामिरेझसमोर व्हिटेकर असाच लुटला गेला. परतफेड १९८९ मध्ये केली, पण आपल्याकडे एकच रात्र आहे.

माझा खरा प्रश्न वेगळा. राउंड किती?

कारण डुरानच्या काळात जागतिक लढत १५ राउंडची. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीबरोबरच्या लढतीत चौदाव्या राउंडला कोरियाचा किम दुक-कू कोसळला आणि काही दिवसांनी गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसीने १२ केले आणि दशक संपेपर्यंत बाकीचेही आले. व्हिटेकर आयुष्यात १५ राउंड खेळलेला नाही. डुरानने बुकॅननला तेराव्याला काढला, डेहेसुसला बाराव्याला. वजनही बघा: डुरानचं वजन लढतीच्या दिवशी सकाळी व्हायचं, व्हिटेकरच्या काळात आदल्या दिवशी व्हायला लागलं. १९७८ मध्ये डुरानला १३५ वर येताना अंगातलं पाणी काढावं लागत होतं. त्याला एक दिवस खाऊपिऊ दिलं तर रिंगमध्ये कोण येईल याचा विचार करा.

या अटी न ठरवता कौल देण्यात अर्थ नाही.

सुरंगी

हा प्रतिसाद पहिल्या पानावर हवा होता. मुलींना मी नेहमी सांगते, समोर कोण आहे ते नंतर विचारा, आधी किती मिनिटांची लढत आहे ते विचारा. आमच्या हौशी बॉक्सिंगमध्ये तीन राउंड. तिथे एक राउंड "बघू या" म्हणून घालवला तर एक तृतीयांश लढत गेली. तिथे व्हिटेकरसारखीचं फावतं. लांब लढतीत पोटावरच्या ठोशांचं व्याज सुरू होतं. ज्या गुडघ्यांवर व्हिटेकरचा सगळा बचाव उभा आहे, ते बरगड्यांत पन्नास-साठ ठोसे बसल्यावर तेवढे वाकतील का?

जुना_पापी

बेनितेझने १५ राउंडच काढले होते, हे नोंदवून ठेवतो.

मोरी_मसाला

१५४ पौंडार!!

वेंगुर्ला_बंदर

बरं. काल रात्री लाइट नव्हती, वहीत राउंडवार कार्ड मांडलं. दोघांचं वजन आदल्या दिवशी, रेफरी कडक, डोकं आणि अंगठे चालवू न देणारा.

१ ते ४ सगळे व्हिटेकर. डुरान टप्पा शोधतोय, जॅब खातोय. ५ डुरान, पहिल्यांदा आत घुसून दोरखंडाला चेपतो. ६ व्हिटेकर. ७ डुरान, हा बरगड्यांचा राउंड. ८ व्हिटेकर, इथे डुरान चिडतो, पापीकाका म्हणतात तसा. ९ डुरान. १० व्हिटेकर, पण निसटता. ११ आणि १२ डुरान.

बारा राउंडला ७-५, म्हणजे (राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ या हिशेबाने) ११५-११३ व्हिटेकर. हाच माझा मूळ कौल, कायम.

पण तिरफळ, तुमच्यासाठी तीन राउंड पुढे नेले. सुरंगीताईंचा गुडघ्यांचा मुद्दा डोक्यात घेऊन १३, १४, १५ मला प्रामाणिकपणे डुरानलाच द्यावे लागले. मग ८-७, १४३-१४२ डुरान. तीच माणसं, तीच रात्र, नऊ मिनिटं जास्त.

हर्णैकर

म्हणजे दोघंही जिंकले? असं कसं चालेल?

गुहागरचा_पोर

आमच्या इथे मतदान घेतलं. व्हिटेकर ३, डुरान ४, मेवेदर १ (तो मीच).

तिरफळ

भाऊ, कार्ड आवडलं, पण दहावा. नववा डुरानला दिलेला, अकरावा-बारावाही डुरानचा, आणि मध्येच दहावा व्हिटेकरला "निसटता"? नवव्यात मार खाल्लेला माणूस साठ सेकंदात ताजा कसा झाला? तो राउंड फिरवला तर बारालाही ६-६, ११४-११४. अलामोडोमसारखीच बरोबरी. दहाव्यात व्हिटेकरने नेमकं काय केलं ते लिहा, मग मानतो.

वेंगुर्ला_बंदर

फिरायची दिशा बदलली. नवव्यात दोरखंडाकडे डावीकडून जात होता, दहाव्यात उजवीकडून फिरला, डुरानच्या उजव्या हातापासून लांब. डुरानला दोन मिनिटं त्याची दिशा सापडली नाही. शेवटच्या मिनिटात सापडली, म्हणून निसटता.

सुरंगी

भाऊ, डावखुऱ्याने स्वतःच्या उजवीकडे फिरलं की तो डुरानच्या डाव्या हुकच्या तोंडात जातो. हे चाललं असतं?

मोरी_मसाला

आता कसां बोललात ताई. ११४-११४ लिवा.